निम्म्याची टिकली

ढगेवाडीच्या बायका शेळीला नाव ठेवतात आणि नवऱ्याला नावं ठेवतात. फरक इतकाच की शेळी हाकेला येते. भूमच्या रस्त्याला फाट्यावरून आत वळलं की माळाच्या कडेला ही वाडी. नाव ढगेवाडी, पण ढग इथं घाईतल्या पाहुण्यासारखे येतात आणि चहाला न थांबता जातात. असल्या माळावर म्हैस रुसते, गाय कंटाळते. टिकते ती शेळी. काळीभोर, लांब कानांची, समोर येईल त्यावर तोंड टाकणारी. घरटी दोन-तीन तरी आहेतच. कोणी चांदणी, कोणी बिजली, कोणी हरणी. एक तर मान वर करून, कोणाकडं न बघता चालते म्हणून तिचं नाव कलेक्टरीण.

सरकारदरबारी मात्र चांदणीही नाही आणि कलेक्टरीणही नाही. तिथं प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला आणि बिल्ल्यावर बारा आकडे. एवढीच ओळख.

हे बारा आकडे आणि वाडीची नावं यांची गाठ घालायचं काम आलं अर्पिताकडं. अर्पिता ही सारजाबाईंची सून आणि महिला शेळीपालक गटाची सचिव. सचिवपद तिला हुशारीमुळं मिळालं असं ती समजे. खरं कारण असं की गटात लॅपटॉप असलेली ती एकटीच होती. लग्नाआधी बार्शीत एका कुरिअरच्या कचेरीत ती कामाला होती, तिथला जुना लॅपटॉप तिला निरोपाच्या दिवशी मिळाला. नवरा योगीराज सकाळीच भूमला खव्याच्या भट्टीवर जायचा, सासरे लिंबाजी पारावर. मग अर्पिता ओसरीवर लॅपटॉप उघडायची आणि सारजाबाई समोर तुरी निवडत बसायच्या, जशी काही त्यांचीही कचेरीच भरली.

भूमला शेळ्यांचं प्रदर्शन ठरलं होतं. अट एकच: प्रत्येक शेळीच्या गळ्यात तिचं आरोग्य कार्ड हवं. कार्डं सरकारी साइटवरून उतरवून घ्यायची होती. नोंदणी सगळी गटाच्या नावावर झालेली, म्हणून कार्डावर शेळीचा फोटो, वय, टोचलेल्या लसी आणि मालक म्हणून गटाचं नाव. कोणती कोणाची, याचा पत्ता नाही. उतरलेल्या फाइलचं नाव म्हणजे नुसते बारा आकडे. चुकून दोनदा दाबलं गेलं तर त्यापुढं कंसात एक, तीनदा दाबलं तर दोन. अर्पिताचा डाउनलोड्सचा फोल्डर म्हणजे बाजार उठल्यावरचं मैदान झालं होतं. त्यात कुरिअरची जुनी बिलं, योगीराजनं उतरवलेली भजनं आणि मध्येमध्ये शेळ्या.

बायका दारात यायच्या. "अर्पिता, माझ्या बिजलीचं कार्ड काढ गं." अर्पिता एक फाइल उघडायची. "ही का?"

"न्हाय गं बाई. हिचं शिंग बघ की, कसं मुडपलंय. बिजलीचं शिंग असलं आसतंय व्हय?"

दुसरी उघडायची. "ही?"

"ही तर बोकडाच्या तोंडाची दिसायलीय. माझी बिजली देखणी हाय."

असं चार दिवस चाललं. मोबाइलमधल्या फोटोत सगळ्या शेळ्या सारख्याच दिसतात, हे अर्पिताचं मत तिनं एकदाच बोलून दाखवलं. त्या दिवशी तिला तीन घरांतून ताक आलं नाही.

तेव्हा तिला कुरिअरची कचेरी आठवली. तिथं पार्सलवर नुसता आकडा असायचा आणि भिंतीवर तक्ता: हा आकडा परांड्याच्या पोत्यात, हा भूमच्या. आकडा बघायचा, तक्त्यात शोधायचा, पोत्यात टाकायचा. डोकं चालवायचंच नाही. डोकं तक्ता करणाऱ्यानं आधीच चालवलेलं. तिनं एक्सेलमध्ये तसाच तक्ता मांडला. पहिल्या रकान्यात बिल्ल्याचे आकडे, दुसऱ्यात शेळीचं नाव, तिसऱ्यात मालकिणीचं. मग इकडून तिकडून शिकत, अडखळत, एक छोटा प्रोग्राम लिहिला: फाइल उचल, तिचे आकडे तक्त्यात शोध, समोर जे नाव असेल ते फाइलला दे, आणि जिची शेळी तिच्या नावाच्या फोल्डरात नेऊन ठेव.

तो पहिल्यांदा चालवला त्या दिवशी ओसरीवर गटातल्या बायकांचा मेळा होता. अर्पितानं एक बटण दाबलं. डाउनलोड्समधल्या आकड्यांची गर्दी भराभर विरळ होत गेली आणि पलीकडं नावांचे फोल्डर उगवले. सोनालीच्या फोल्डरात बिजली. हरणी तिच्या घरी, कलेक्टरीण तिच्या घरी. भजनं आणि बिलं तेवढी मागं राहिली, कारण त्यांच्या कानात बिल्ला नव्हता.

"आगं बया," सोनाली म्हणाली, "संध्याकाळी शेळ्या आपापल्या दारात शिरत्यात तसंच झालं की गं!"

"माझी सून बसल्या जागी कळप हाकती," सारजाबाई म्हणाल्या. आवाजात कौतुक होतं आणि शेवटी थोडंसं मीठही: "भाकरी तेवढी उठून करावी लागती."

हिशेब जमला असं अर्पिताला वाटलं, तेव्हा तो थोडा बिघडलेलाच होता. चूक प्रोग्रामात नव्हती, तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात होती. तो रकाना अर्पितानं भरला होता तक्ता मांडल्यावर, पुढची लस टोचायच्या दिवशी. पारापाशी शेळ्यांची रांग, ती एकेकीला विचारत गेली, "ही कोणाची?" आणि जे उत्तर येईल ते लिहीत गेली. समोरच्या घरच्या कौसाबाई टिकलीला धरून उभ्या होत्या. टिकली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली, वाडीतली सगळ्यात देखणी शेळी. याबाबत सोनाली सोडून सगळ्यांचं एकमत आहे. अर्पितानं विचारलं, "काकू, टिकली कोणाची?"

कौसाबाई म्हणाल्या, "कोणाची म्हंजी? सारजाचीच की."

अर्पितानं लिहिलं: सारजाबाई.

ती बार्शीची. तिला इथली रीत कशी माहीत असणार? टिकली निम्म्याची होती. वाडीत निम्म्याची शेळी म्हणजे एकीनं पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी द्यायची, दुसरीनं ती आपल्या दारात वाढवायची, आणि होतील ती करडं दोघींत वाटून घ्यायची. सारजाबाई आणि कौसाबाई एकाच उन्हाळ्यात वाडीत नांदायला आल्या. सारजाबाईंनी पहिली पाठ दिली ती कौसाबाईंना. त्या पाठीच्या पोटची, तिच्या पोटच्या पोटची, असं करत करत ही टिकली. आणि निम्म्याच्या शेळीबद्दल एक बोलायची रीत आहे: ती आपली म्हणायची नाही. पाळणारीला विचारा, ती म्हणेल देणारीची. देणारीला विचारा, ती म्हणेल पाळणारीची. निम्म्याचीला माझी म्हटलं की तिचं दूध आटतं, असं बायका मानतात. दूध आटतं की नाही कोण जाणे, मैत्री आटते हे नक्की. म्हणून ही रीत.

फाइलला जे नाव, तेच कार्डाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत छापून येईल अशी सोय अर्पितानं केली होती. भूमला कार्डं छापली, प्लॅस्टिकमध्ये बसवून आणली आणि घरोघरी वाटली. टिकलीचं कार्ड आलं सारजाबाईंच्या घरी. वर मोठ्या अक्षरांत: टिकली – सारजाबाई.

सारजाबाईंनी ते लांब धरून वाचलं, जवळ धरून वाचलं. चूक त्यांच्या ध्यानात आली नाही असं नाही. पण त्यांनी कार्ड पदरानं पुसलं आणि टीव्हीच्या वर, गणपतीच्या शेजारी उभं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई विरजण मागायला आल्या. टीव्हीकडं बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. टीव्ही बंद होता. मग वाटी तशीच रिकामी घेऊन परत गेल्या.

त्याच्या पुढच्या सकाळी त्या टिकलीला घेऊन आल्या आणि सारजाबाईंच्या अंगणातल्या खुंट्याला तिचं दावं बांधलं. काखेत पाल्याची पेंढी होती, तीही टाकली.

"घे सारजे. तुझी टिकली."

"आगं कौसा, ह्ये काय खूळ?"

"खूळ कशाचं? कार्ड तुझ्याकडं आन् शेळी माझ्याकडं, आसं कसं चालंल? भूमला सायेब इचारंल की." कौसाबाईंचा आवाज मऊ होता, आणि तेच वाईट होतं. भांडण असतं तर दुपारपर्यंत मिटलं असतं. "शेवग्याचा पाला आणलाय. हिला लिंबाचा चालत न्हाय. पर तुला म्हाईतच आसंल. तू मालकीण हायस."

आणि त्या निघून गेल्या. लिंबाजी तोंड धूत होते, ते म्हणाले, "ब्येस झालं. आता दूध घरच्या घरी." सारजाबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी चहा पारावरच घ्यायचं ठरवलं.

टिकलीनं पाल्याला तोंड लावलं नाही. ती समोरच्या दाराकडं तोंड करून ओरडत राहिली, आणि समोरचं दार आतून लोटलेलं. अर्पिताला कळून चुकलं. हे आपण केलं. या दोघींचं इतक्या वर्षांचं आपण एका रकान्यात घालून मोडलं. वाडीत तिला येऊन दोन वर्षंच झाली होती. कौसाकाकूंनीच तिला इथल्या चुलीची सवय लावली होती, पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने त्यांनीच केले होते.

"आत्या," ती म्हणाली, "टिकली खरी कोणाची?"

"कौसाची," सारजाबाई लगेच म्हणाल्या.

"त्या म्हणाल्या तुमची."

"मंग? ती आजून काय म्हणंल?" आणि सारजाबाईंनी निम्म्याची सगळी रीत सांगितली. अर्पिता ऐकत राहिली.

"आत्या, मग कार्ड आलं तेव्हाच का नाही सांगितलं मला? मी तेव्हाच बदललं असतं."

सारजाबाई तुरीतले खडे वेचू लागल्या. बराच वेळ एकही खडा सापडला नाही.

"माझं नाव कधी कुठं छापलंय गं?" शेवटी त्या म्हणाल्या. "योगीराजच्या लग्नाच्या पत्रिकेत बी तुझ्या सासऱ्याचं नाव मोठं आन् मी आपली सौ. म्हणून कडंला. ह्ये कार्ड आलं आन् वाटलं, ऱ्हाऊ दे दोन दिस. कौसाला वाईट वाटंल असं न्हाय वाटलं. ती तर सोता म्हणलेली, सारजाची म्हणून."

अर्पिताला हसू आलं आणि ते तिनं गिळलं. तोंडानं तुझी आणि कागदावर माझी: दोघींचाही हिशेब तोच, फक्त कागद एकीलाच मिळाला.

ती लॅपटॉपकडं वळली. सोपं वाटलं होतं. टिकलीच्या ओळीखाली तिनं अजून एक ओळ घातली, तेच बारा आकडे, आणि मालकीण कौसाबाई. बटण दाबलं. कार्ड आलं: टिकली – सारजाबाई. पुन्हा दाबलं. पुन्हा सारजाबाई. मग तिच्या ध्यानात आलं, प्रोग्राम वरून खाली शोधत येतो आणि पहिली जुळणी सापडली की थांबतो. खाली अजून कोणी बसलंय का हे बघत नाही. पंगतीत वाढणारा पहिल्या ताटापाशीच रमतो, तसं. तिनं ओळी वरखाली केल्या. आता कार्ड आलं: टिकली – कौसाबाई. म्हणजे हे कार्ड समोरच्या टीव्हीवर जाणार आणि विरजण मागायला आत्या जाणार. भांडण तेच, फक्त दार दुसरं.

"काय गं, जमंना का?" सारजाबाईंनी विचारलं.

"त्याला एका शेळीला एकच मालकीण कळती, आत्या."

"मंग त्यो वाडीत ऱ्हायला न्हाय कधी."

अर्पितानं खालची जादा ओळ पुसून टाकली आणि शेजारी चौथा रकाना घातला. वर लिहिलं: वाटेकरीण. प्रोग्रामला नवं सांगितलं: हा रकाना रिकामा असेल तर जे करत होतास तेच कर, भरलेला असेल तर कार्डाच्या दोन प्रती काढ आणि दोघींच्या फोल्डरात एकेक ठेव. राहिला प्रश्न नावांचा. आधी कोणाचं? इथं रीतच उपयोगाला आली. जिच्या फोल्डरात प्रत जाईल, तिचं नाव मागं, दुसरीचं पुढं. बटण दाबलं. सारजाबाईंच्या फोल्डरात आलं: टिकली – कौसाबाई – सारजाबाई. कौसाबाईंच्या फोल्डरात: टिकली – सारजाबाई – कौसाबाई.

दुपारच्या एसटीनं ती भूमला जाऊन दोन्ही कार्डं करून आली. आली तेव्हा सारजाबाईंनी टीव्हीवरचं जुनं कार्ड काढलेलं होतं आणि नवं लुगडं नेसलेल्या होत्या. रस्ता ओलांडायला नवं लुगडं कशाला, हे अर्पितानं विचारलं नाही.

तिघी निघाल्या: पुढं टिकली, तिच्या दाव्याला सारजाबाई आणि मागं अर्पिता. टिकलीनं शिंगानंच दार ढकललं.

"कौसा, घे बाई तुझी शेळी," सारजाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "वरडून वरडून डोकं खाल्लंय माझं. आन् तुझा पाला तिनं हुंगला बी न्हाय."

"माझी कशाला? तुझं नाव छापलंय. टीव्हीवर मांडलंय."

"मांडलं. चुकलं. जन्मात एकदा छापलं ते मांडलं. तुझं छापलं आसतं तर तू काय कोनाड्यात झाकून ठिवलं आसतंस व्हय?"

कौसाबाई दारातून हलल्या नाहीत. टिकली मात्र सरळ आत जाऊन पाण्याच्या घमेल्यात तोंड घालून उभी राहिली.

अर्पितानं कार्ड पुढं केलं. "काकू, चूक माझी आहे. मी एकीलाच विचारलं. आता असं केलंय."

कौसाबाईंनी ते लांब धरलं, जवळ धरलं. थेट सारजाबाईंसारखंच. "सारजाचं नाव पयलं हाय."

"हे तुमच्या घरचं. आत्यांच्या घरच्या कार्डावर तुमचं पहिलं."

कौसाबाईंनी सारजाबाईंच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं, खात्री केली आणि परत दिलं. मग घरात गेल्या. अर्पिताला वाटलं, फिसकटलं. पण त्या आल्या त्या विरजणाची रिकामी वाटी घेऊन.

"आन मंग," त्या सारजाबाईंना म्हणाल्या. "दोन दिस झालं, दही लागलं न्हाय घरात."

"वाटी घिऊन मी जाऊ? मालकीण तू का मी?"

"दोघी मालकिणी हाव. वाटी तू ने, पाला मी आणते."

दुसऱ्या दिवसापासून अर्पिताच्या ओसरीवर रांग लागली. सोनाली पहिली. "अर्पिता, बिजलीला बी वाटेकरीण घाल गं. ती माझ्या जावेच्या निम्म्याची हाय. तवा सांगायचं ऱ्हायलं." राहिलं नव्हतं, जावेनं टिकलीची दोन कार्डं बघितली होती. मग हरणीची वाटेकरीण निघाली, मग चांदणीची. कलेक्टरीण एवढी एकटीची, आणि तिच्या मालकिणीला त्याचंच वाईट वाटू लागलं. तिनं कोणाला निम्म्यानं घेता का म्हणून विचारूनही पाहिलं. चौथा रकाना खालपर्यंत भरत गेला. अर्पितानं हिशेब मांडला: वाडीत प्रत्येकीची शेळी दुसरीच्या दारात आहे, म्हणून कोणाच्याच दारातली कोणाला सहजी विकता-कापता येत नाही, ना नवऱ्याला, ना पाहुण्यासाठी, ना जत्रेसाठी. बायकांनी हे ठरवून केलंय का आपोआप झालंय, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर प्रत्येकीनं दुसरीचं नाव सांगितलं असतं.

प्रदर्शनाच्या दिवशी टिकलीच्या गळ्यात दोन्ही कार्डं पाठीला पाठ लावून एकाच दोऱ्यात ओवली होती. ती चालली की कार्ड गरगर फिरायचं. कधी सारजाबाई पुढं, कधी कौसाबाई. दोघी दोन्ही अंगांना चालत होत्या आणि आपापलं नाव वर येतंय का हे न बघितल्यासारखं बघत होत्या. लिंबाजी मागून येत होते, भेटेल त्याला सांगत, "आमची टिकली." त्यांना रीत लागू नव्हती, कारण त्यांना कोणी वाटेकरी धरलंच नव्हतं.

देखणेपणाचं बक्षीस परांड्याकडच्या एका बोकडाला गेलं. टिकलीला मिळालं उत्तम निगेचं प्रमाणपत्र. टेबलामागं एक तरुण साहेब लॅपटॉप घेऊन बसले होते. त्यांनी आधी टिकलीचे बारा आकडे टाकले, मग मान वर केली.

"मालकाचं नाव सांगा."

"कौसाबाई," सारजाबाई म्हणाल्या.

"सारजाबाई," कौसाबाई त्याच क्षणी म्हणाल्या.

साहेबांनी दोघींकडं बघितलं, मग कार्डाकडं. वाऱ्यानं कार्ड उलटलं. त्यांनी पुन्हा बघितलं.

"आजी, एकच नाव सांगा. इथं एकच रकाना आहे."

"हिचं लिव्हा," दोघी एकमेकींकडं बोट दाखवून म्हणाल्या. मागं रांग वाढत होती. दोन्ही बोटं हळूहळू खाली आली आणि दोघींनी मिळून मागं उभ्या असलेल्या अर्पिताकडं बघितलं.

ती पुढं झाली. "सर, जरा सरकता का? रकाना वाढवता येतो."

साहेब सरकले. टेबलावरच्या झेंडूच्या माळेचा खाली लोंबणारा शेंडा टिकलीनं तेवढ्यात तोंडात धरला होता, आणि तो सोडवायला दोघी एकदमच वाकल्या.